वन्समोअर

परवा नातू म्हणाला, "आजोबा, रविवारी नाटकाला येता का?" मी पटकन म्हणून गेलो, "कशाला रे तंगडतोड? मोबाइलवर बघू की!" नंतर माझी मलाच लाज वाटली.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे पन्नासएक वर्षे संगीत नाटकांनी महाराष्ट्राला जागवले. पदांना वन्समोअर पडत आणि प्रयोग पहाटेपर्यंत रंगे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. तिकीट स्वस्त, खेळ आटोपशीर. नट, वादक, बिऱ्हाड असा मोठा संसार पोसणाऱ्या नाटक कंपन्या एकेक करून बसल्या. खुद्द बालगंधर्वांनीही १९३५ साली 'धर्मात्मा' चित्रपटात काम केले.

तरी सिनेमासाठी घराबाहेर पडावे लागेच. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले आणि करमणूक घरात शिरली. आता ती खिशात आहे.

लोकांची आवड आटली म्हणतात, ते मला पटत नाही. सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे बंद झाल्या, तरी रसिक दिवसा येऊन बसतातच. आटली आहे ती उठून जाण्याची सवय.

मोबाइलवर पद पुन्हा ऐकता येते, पण अगदी तेच! वन्समोअर मिळालेला गायक तेच पद पुन्हा वेगळे गातो, कारण समोर आपण असतो.

असो. नातवाला सांगितले आहे, दोन तिकिटे काढ.