कोरडं राज्य, ओली छावणी

माझा जन्म दारूबंदीतला! मुंबई राज्य १९५० साली कायद्याने कोरडं झालं आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी मी जन्मले. आमचा पश्चिम खानदेश तेव्हा मुंबई राज्यातच होता. आता कायद्याने कोरडं म्हणजे प्रत्यक्षात किती कोरडं, हे दोंडाईच्याच्या आसपास राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. मोहाच्या झाडांना काही गॅझेट वाचता येत नाही. पण आज मला त्या भट्ट्यांबद्दल लिहायचं नाही. त्या कोरड्या राज्यात एक जागा मात्र कायद्याने, राजरोस ओली होती. ती म्हणजे लष्कराची छावणी.

ही गोष्ट थेट सुप्रीम कोर्टात गेली होती. फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यालाच आव्हान दिलं. त्यातला एक मुद्दा असा, की लष्कराच्या मेस आणि कॅन्टीनला सूट आणि आम्हाला बंदी, हा भेदभाव नाही का? हायकोर्टाला तो भेदभाव वाटला. २५ मे १९५१ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, न्यायमूर्ती फजल अली यांनी लिहिलेला. फौजेची स्वतःची परंपरा आहे, राहणीची वेगळी रीत आहे, त्यामुळे ही सूट योग्यच, अशा अर्थाचं त्यांनी म्हटलं. म्हणजे गावातला मुलगा घरी असेपर्यंत त्याला घोट घेणं गुन्हा, आणि तोच मुलगा भरती झाला की ती परंपरा!

गंमत पुढेच आहे. त्याच १९५० सालात आर्मी ॲक्ट आला. त्याचं ४८ वं कलम नशेबद्दल आहे. ड्यूटीवर असो वा नसो, नशेत सापडला तर तो गुन्हा. अधिकारी असेल तर बडतर्फीपर्यंत शिक्षा, जवान असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि ड्यूटीवर नसताना सापडला तर सहा महिन्यांपर्यंत. कॅन्टीनही सरकारचं आणि कलमही सरकारचं. मी इतिहास शिकवायचे तेव्हा मुलांना सनावळ्या पाठ करायला लावायचे, पण हे १९५० साल कुठल्याच पाठ्यपुस्तकात अशा अंगाने आलेलं मी पाहिलं नाही.

ही रीत अर्थातच इंग्रजांची. पुणे, देवळाली, नगर, महू या आपल्या चहूबाजूंच्या छावण्यांमध्ये गोरे सोल्जर वर्षानुवर्षं पडून असायचे. लढाई क्वचित, उकाडा रोजचा, करमणूक शून्य. मग कॅन्टीनची दारू, ती संपली की बाजारातली. त्यातून मारामाऱ्या, आजार, कोर्टमार्शल. शिक्षा देऊन काही फरक पडेना. तेव्हा आग्र्याला १८६२ साली जे. गेल्सन ग्रेगसन नावाच्या बाप्टिस्ट मिशनऱ्याने सैनिकांसाठी दारूमुक्तीची संस्था काढली. सैनिकाने आपणहून यायचं, शपथ घ्यायची, आणि संध्याकाळी कॅन्टीनऐवजी चहा-कॉफी, वर्तमानपत्रं, गाणी असलेल्या खोलीत बसायचं. एवढंच. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती असताना १८८८ मध्ये अशा वेगवेगळ्या संस्था एकत्र करून आर्मी टेंपरन्स असोसिएशन झाली. अमुक महिने, अमुक वर्षं न पिता काढली की पदक मिळायचं!

मला ही पदकाची कल्पना फार आवडते. फौजेतल्या माणसाला पदकाची भाषा कळते. न पिणं हीसुद्धा एक कामगिरी आहे, हे त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं गेलं. अर्थात हे सगळं गोऱ्यांसाठी, आणि त्यात धर्मप्रचारही मिसळलेला होता. आपल्या शिपायांना त्यातलं काही मिळालं नाही, कॅन्टीनची रीत मात्र वारशाने मिळाली. आणि ‘थंडीत रम लागतेच’ ही समजूतही. ती किती खोटी आहे ते कुठलाही डॉक्टर सांगेल. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून ऊब वाटते आणि शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. इंग्रजांच्या आरमाराने आपला रोजचा रमचा पेला ३१ जुलै १९७० ला बंद केला. कारण सरळ होतं, जहाजावरची यंत्रं नाजूक झाली होती आणि हात थरथरून चालणार नव्हते.

आता मी हे सगळं का वाचत बसले ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. नवरा फौजेत, हवालदार. सुटीवर आला की पहिले चार दिवस बरे जायचे, मग सकाळपासूनच सुरू. या खेपेला मात्र तोच तिला म्हणाला होता, की मला सोडायची आहे, पण युनिटमध्ये कुणाला सांगू? ती मला विचारत होती, “बाई, त्यासनी सायेबले सांगं ते नोकरी जाई का?”

मला काय माहीत! माझी बी.ए.ची पदवी मराठीतली, आणि फौजेशी संबंध प्रजासत्ताक दिनाच्या परेडपुरता. पण लष्करी दवाखान्यातून निवृत्त झालेले एक परिचित होते, त्यांच्याकडून नीट समजून घेतलं. फौजेच्या वैद्यकीय खात्याच्या लेखी दारूचं व्यसन हा आजार आहे. युनिटच्या डॉक्टरकडे जायचं, तो लष्करी इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. सोबत एक फॉर्म लागतो, ए.एफ.एम.एस.एफ.-१०. तो युनिटच्या कमांडरने भरायचा, म्हणजे या माणसाचं वागणं कसं, काम कसं, पिणं किती, हे साहेबाने लिहायचं. मग भरती, औषधं, समुपदेशन. नंतर काही काळ वैद्यकीय श्रेणी खाली येते आणि ठरावीक मुदतीने तपासणी होते. सुधारणा टिकली तर श्रेणी परत वर जाते. वारंवार घसरला तर मात्र घरी पाठवू शकतात.

म्हणजे सांगितलं म्हणून लगेच नोकरी जात नाही. पण खालच्या श्रेणीत असताना बढती अडू शकते, आणि साहेबाला कळल्याशिवाय उपचार नाहीत. हवालदाराला नायब सुभेदार व्हायचं असतं. तो हिशेब करतो आणि गप्प बसतो. पलटणीत तर सगळे एका ताटातले. आज मी आजारी म्हणून नाव लिहिलं, उद्या माझ्यासोबत गस्तीला कोण येईल? ही भीती कुठल्या कलमात लिहिलेली नाही, पण मला ती ४८ व्या कलमापेक्षा मोठी वाटते.

मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, सापडण्याआधी स्वतः सांगणं केव्हाही बरं. दुसरी, घरच्या घरी एकदम तोडू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. तो सुटीवरून गेला आणि डॉक्टरला भेटला. दवाखान्यात राहिला. बढती मागे पडली हेही खरं, त्याच्या मागून आलेला आधी नायब सुभेदार झाला. तिने हे सांगितलं तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही.

सैनिक आणि दारू म्हटलं की महाराष्ट्राला अण्णा हजारे आठवतात. १९७५ ला फौजेतून परत आले आणि राळेगणच्या भट्ट्या बंद केल्या. पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलंय. गावाचं भलं झालं, नाकारत नाही. पण मला ती रीत पटत नाही. ती मला ४८ वं कलमच गावात आणल्यासारखी वाटते.

मला पटते ती दुसऱ्या एका सैनिकाची रीत. बिल विल्सन हा अमेरिकेचा तरुण लेफ्टनंट. १९१७ साली, युरोपात लढायला जायच्या आधी, एका मेजवानीत त्याने आयुष्यातला पहिला पेला घेतला. पुढची सतरा वर्षं त्यात बुडाली. सोडल्यानंतर, मे १९३५ मध्ये, ॲक्रन गावी हॉटेलात एकटा असताना त्याला पुन्हा बारकडे ओढ वाटू लागली. तेव्हा त्याने पाळकांना फोन लावले आणि विचारलं, की इथे माझ्यासारखा कुणी पिणारा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय! तसा भेटला डॉक्टर बॉब स्मिथ. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. भारतात ती १९५७ मध्ये आली.

अमेरिकन आरमाराने १९६५ च्या सुमारास लाँग बीचच्या इस्पितळात हीच पद्धत आणली. सुरुवात केली ती डॉक्टर झुस्का आणि स्वतः दारूतून बाहेर पडलेले निवृत्त कमांडर ज्युएल यांनी. १९७८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड तिथेच दाखल झाल्या. खोलीत आणखी बायका आहेत हे पाहून आधी बिथरल्या म्हणे, मग राहिल्या. गटात खलाशांशेजारी बसल्या.

आपल्याकडे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तिथे व्यसनातून बाहेर आलेलेच पुढे समुपदेशक होतात, आणि बायकांचा ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे. माझी विद्यार्थिनी तिकडे गेली. तिकडून आली ती नवऱ्याबद्दल कमी आणि तिथल्या बायकांबद्दल जास्त बोलत होती. एक तर आमच्या शिरपूरकडचीच निघाली!

असो. ग्रेगसनच्या काळानंतरची ती टेंपरन्सची पदकं जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे अजून दिसतात म्हणे. देवळाली-नगरकडच्या नातेवाईकांनो, कुणाच्या पेटीत तसं एखादं निघालं तर फोटो नक्की पाठवा.