स्वमग्नता आणि वेगळी विनोदबुद्धी : एका मताचा इतिहास

प्रस्तावना

ऑटिझम या संज्ञेसाठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. मूळ संज्ञा ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेली असून मराठीनेही तोच अर्थ स्वीकारला. जो स्वतःत मग्न आहे त्याचे हसू इतरांशी जोडलेले नसणार, हे या नावातच गृहीत धरले जाते. स्वमग्न व्यक्तींना विनोद कळत नाही, हे मत विसाव्या शतकाच्या मध्यापासून वैद्यकीय लेखनात आढळते. हे मत कसे तयार झाले, त्याला पुढे कशी मुरड पडली आणि जव्हार-मोखाडा परिसरात त्याचा विचार का आवश्यक आहे, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मताची जडणघडण

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्गर यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. अशा मुलांत विनोदबुद्धीचा अभाव असतो. विशेषतः स्वतःवर केलेली थट्टा त्यांना कळत नाही, असे ॲस्पर्गर यांनी नोंदविले. मात्र ही मुले शब्दांशी खेळतात, ध्वनिसाम्यावरून कोट्या करतात आणि प्रसंगी अत्यंत मार्मिक बोलतात, हेही त्यांनी त्याच प्रबंधात लिहिले आहे. या दोन विधानांपैकी पहिलेच रूढ झाले. ॲस्पर्गर यांचे हे कार्य नाझी राजवटीत झाले होते. जेथे मुलांना ठार मारले जाई त्या ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेकडे त्यांनी मुले पाठविल्याचे हेर्विग चेक या इतिहासकाराने २०१८ मध्ये कागदपत्रांच्या आधारे दाखविले. त्यामुळे त्या काळातील ‘उणिवां’ची नोंद वाचताना ती कोणत्या व्यवस्थेत झाली, हे नजरेआड करता येत नाही.

कॅनर यांचा १९४६ मधील लेख या संदर्भात महत्त्वाचा आहे. एक मुलगा हातातील वस्तू फेकण्याचा मोह झाला की, कुत्र्याला सज्जातून टाकू नये, अशा आशयाचे वाक्य उच्चारीत असे. ऐकणाऱ्यास ते असंबद्ध वाटे. शोध घेता असे आढळले की, काही वर्षांपूर्वी खेळण्यातील कुत्रा सज्जातून टाकताना आईने त्यास याच शब्दांत अडविले होते. तो प्रसंग ज्यास ठाऊक, त्यास वाक्याचा अर्थ लागत होता. हसण्यासही हेच तत्त्व लावता येईल : ज्याला आपण विनाकारण हसणे म्हणतो, ते अनेकदा आपणास कारण ठाऊक नसलेले हसणे असते.

मतातील बदल

१९८७ मध्ये व्हॅन बूर्गोंडिएन व मेसिबॉव्ह या अमेरिकी संशोधकांनी स्वमग्न प्रौढांनी सांगितलेल्या विनोदांचा अभ्यास केला. त्यांत अगदी बाळबोध कोड्यांपासून द्व्यर्थी विनोदांपर्यंत विविध पातळ्या आढळल्या. वासुदेवी रेड्डी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लहान मुलांचा अभ्यास केला. स्वमग्न मुले हसण्यात मागे नव्हती. परंतु इतरांच्या चेहऱ्यांच्या गमतीवर ती कमी हसत आणि इतरांस न उमगणाऱ्या कारणांनी अधिक हसत. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये असे मांडले की, न समजणे दुहेरी असते. स्वमग्न व्यक्तीस इतर कळत नाहीत, तसेच इतरांसही ती कळत नाही. येथे प्रश्नाचा रोख ऐकणाऱ्याकडे वळला.

मराठीतील एक जुनी नोंद

ऐकणाऱ्याच्या भूमिकेचा विचार करताना तेराव्या शतकातील श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र आठवणे स्वाभाविक आहे. महानुभाव पंथातील म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात ऋद्धिपूरच्या गुंडम राऊळांचे स्वतःशी बोलणे, तेच शब्द पुन्हा उच्चारणे, लहान मुलांसारखे खेळणे, हसणे आणि कोणाच्याही घरी शिरणे यांचे तपशील आहेत. गावकरी त्यांना वेडे म्हणत आणि मायबापही मानीत. सातशे वर्षांपूर्वीच्या व्यक्तीवर आजचे निदान लादणे इतिहासशास्त्रास मान्य होणार नाही. शिवाय भक्तांच्या दृष्टीने त्या ईश्वरी लीळा होत. येथे महत्त्व आहे ते नोंदीच्या पद्धतीस. त्यांच्या सहवासात राहिलेल्यांच्या आठवणींतून स्थळ, प्रसंग आणि शब्द यांसह प्रत्येक कृती टिपली गेली. अनाकलनीय कृतीही वगळण्याजोगी ठरली नाही.

जव्हार-मोखाड्याचा संदर्भ

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून येथील बालआरोग्याची चर्चा प्रामुख्याने वजन व आहार यांभोवती फिरत राहिली आणि ते अपरिहार्यही होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथूनच झाला. त्यातील तपासणीच्या ३० बाबींत स्वमग्नतेचाही समावेश आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेस स्थान नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते दिले, तर २०१६ च्या कायद्याने तिचा २१ प्रकारांत अंतर्भाव केला. त्याच वर्षी प्रमाणपत्रासाठी ४० कलमांची भारतीय मूल्यमापन श्रेणी अधिसूचित झाली. प्रसंगाशी विसंगत भावनिक प्रतिसाद, दिसणाऱ्या कारणाशिवाय उत्तेजित होणे, बोलण्यातील गर्भितार्थ न कळणे अशी कलमे तीत आहेत.

या कलमांचे गुण देणारा बहुधा प्रमाण मराठीत विचारतो. मूल मात्र वारली, कोकणा किंवा काथोडी बोलीत वाढलेले असते. येथील बोहाडा ज्याने पाहिला आहे, त्यास हा फरक लगेच उमगेल. मुखवटा, सोंगाची चाल आणि संबळाचा ठेका यांवर गाव हसते, कारण ते सोंग गावाने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. नवख्यास तेच हसणे अकारण वाटेल. अशा अंतरामुळे दोन्ही बाजूंनी चूक संभवते. बोलीतील गंमत न कळल्याने मुलाच्या नावे दोष लागू शकतो. उलट, ‘हा तर हसतो, नकला करतो’ म्हणून खरोखर स्वमग्न असलेले मूल खोडकर ठरून साहाय्याविना राहू शकते.

समारोप

स्वमग्न व्यक्तींस विनोदबुद्धी नसते, हे विधान अपुऱ्या ऐकण्यातून रूढ झाले, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. मूल्यमापनात पालकांच्या मुलाखतीस स्थान आहेच. तिचा उपयोग अधिक नेमकेपणाने व्हावा. मूल कोणत्या शब्दावर वा दृश्यावर हसते, ते कोणत्या बोलीतील आहे आणि घरात पूर्वी तसे काय घडले होते, हे तीन प्रश्न आई-आजीला त्यांच्याच बोलीत विचारले जावेत. त्या बोली जाणणाऱ्या अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या या कामी मोलाचे साहाय्य करू शकतील. ‘विनाकारण हसतो’ असे लिहिण्यापूर्वी कारणाचा शोध घेतला गेला, तर त्या नोंदीवर अवलंबून असलेल्या मुलाच्या शिक्षणास व हक्कांस न्याय मिळेल.