कल्याणीच्या राजाचा गळ

मासा गळाला लावायचा, घटका-अर्धी घटका त्याच्याशी झुंजायचे, होडीत घेऊन त्याचे वजन करायचे, त्याच्यासह छायाचित्र काढून घ्यायचे आणि मग तो होता तसा पाण्यात सोडून द्यायचा! एवढ्यासाठी माणसे हजारो रुपये खर्चून, विमाने-होड्या बदलत अंदमानच्या बेटांपर्यंत जातात, असे वर्गात सांगितले की आमची मुले आधी हसतात आणि मग विचारतात, "गुरुजी, मग खायचा कधी?" प्रश्न अगदी रास्त आहे. उजनीची चिलापी आठवडी बाजारात घेऊन तिचे झणझणीत कालवण करणाऱ्या सोलापूरकराला मासा हा पदार्थ ठाऊक; मासा हा खेळातला गडी आहे, ही कल्पना त्याच्या पचनी पडत नाही. आणि समुद्र तर इथून सरळ रेषेत मोजला तरी पावणेतीनशे किलोमीटर दूर.

तथापि या खेळाची एक फार जुनी पोथी समुद्रकाठी लिहिली गेलेली नाही. आपल्याही पूर्वेला, सागरापासून सुमारे चारशे किलोमीटर आत, कल्याणीच्या राजवाड्यात ती लिहिली गेली. त्या पोथीविषयी लिहिण्याचे मी योजले आहे. पण आधी त्या अंदमानच्या माशाची ओळख करून घेऊ, म्हणजे राजाचे कौतुक कशासाठी ते कळेल.

इंग्रजीत त्याला 'जायंट ट्रेव्हली' म्हणतात. शौकीन मंडळी नुसते 'जीटी' म्हणून मोकळी होतात. शास्त्रीय नाव 'कॅरँक्स इग्नोबिलिस'. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ हलक्या कुळातला, नाव नसलेला! हे नाव ठेवणारा पीटर फोर्स्कल १७६३ साली येमेनमध्ये हिवतापाने वारला आणि त्याची टिपणे त्याचा सोबती कार्स्टन नीबूर याने १७७५ साली छापली. हा नीबूर म्हणजे मुंबईस येऊन घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढून नेणारा तोच प्रवासी. कुळाचेच म्हणाल तर ते काही हलके नाही. आपला काटबांगडा याच कुळातला. आणि पुष्कळ जण ज्याला पापलेटचा भाऊ समजतात तो हलवाही खरे पाहता याच घरचा.

पण हे चुलत भाऊ ताटात मावतात. हा थोरला मात्र लांबीला १७० सेंटिमीटर आणि वजनाला ८० किलोपर्यंत जातो. २००६ साली जपानच्या कागोशिमा भागात गळाने धरलेला एक मासा ७२.८ किलो भरला, म्हणजे एक भरगच्च पुरुष! लहानपणी तो खाड्यांच्या मचूळ पाण्यात वाढतो आणि मोठेपणी प्रवाळांच्या कडेला, जिथे उथळ पाणी एकदम खोल होते तिथे, दबा धरून फिरतो. सेशेल्स बेटांपैकी फार्कर येथे हे मासे पाण्यावरून उडणाऱ्या पाखरांना उसळी मारून गिळतात, हे २०१७ साली चित्रफितीवर साऱ्या जगाने पाहिले. हवाई बेटांत त्याला 'उलुआ' म्हणत, आणि देवाला नरबळी द्यायचा पण माणूस मिळाला नाही, तर उलुआ चाले. माणसाऐवजी मासा चालतो असे देवालाही वाटावे, यापरते त्या माशाचे मोठेपण ते काय!

खेळ असा. होडी प्रवाळापासून थोडी दूर ठेवायची आणि रंगीत लाकडी किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा दूरवर फेकून पाण्याच्या पृष्ठभागावरून 'डुबुक डुबुक' आवाज करीत ओढत आणायचा. जीटीला वाटते, जखमी मासा तडफडतो आहे. तो खालून येतो, पाणी फुटते, आणि दुसऱ्याच क्षणी तो थेट प्रवाळाकडे सूर मारतो. कारण दोर प्रवाळाच्या धारेवर घासला की तुटतो. त्याला तिथवर जाऊ द्यायचे नाही, एवढाच सारा सामना. पहिल्या मिनिटातच बहुधा निकाल लागतो. लक्षद्वीपकडेही हा मासा आहे. खुद्द आपल्या विजयदुर्गासमोर शंभर किलोमीटरांवर समुद्रात बुडालेले एक मोठे प्रवाळ-पठार आहे, आणि त्याला कान्होजी आंग्र्यांच्या घराण्यावरून 'आंग्रिया बँक' म्हणतात, हे कितीकांना ठाऊक असेल?

हे सगळे साहेबी शौक, अशी आपली समजूत. कोकणात गळाला 'गरी' म्हणतात आणि गळ टाकून बसणे म्हणजे 'गरवणे'. पण ते पोटासाठी, फार तर रविवारच्या विरंगुळ्यासाठी. मासेमारीला राजमान्य करमणुकीचे स्थान देऊन तिच्यावर शास्त्र लिहिणे हे इंग्रजाचेच काम असणार, असे मलाही कोणी विचारले असते तर मी म्हणालो असतो.

आता कल्याणीकडे चला. आज त्या गावाला बसवकल्याण म्हणतात. सोलापूरहून हैदराबादच्या सडकेने निघाले तर एका दिवसात जाऊन येता येते. बाराव्या शतकात ही चालुक्यांची राजधानी होती. सहावा विक्रमादित्य हा तिथला थोर राजा. बिल्हणासारखा काश्मिरी कवी त्याच्या पदरी, 'मिताक्षरा' लिहिणारा विज्ञानेश्वर त्याच्याच नगरीत. त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर ११२६ साली गादीवर आला. बिरुद 'भूलोकमल्ल', पण हा मल्ल लेखणीचा. शके १०५१ म्हणजे इ.स. ११२९च्या सुमारास त्याने 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, म्हणजे एकंदर शंभर अध्याय. दिवाळीच्या फराळाचा इतिहास शोधणारे या ग्रंथापाशी येतात, कारण मांडे, वडे, इडली यांच्या कृती त्यात आहेत. मराठीचे अभ्यासक येतात, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असे या राजाने नोंदवून ठेवले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी तो संपादून काढला. पहिला खंड १९२५ सालचा.

चौथ्या भागात राजाचे 'विनोद' येतात. विनोद म्हणजे इथे थट्टा नव्हे, मन रमवणे. कुस्ती, कोंबड्यांची झुंज, एडक्यांची झुंज, ससाण्याची शिकार, गाणे, नाच, गोष्टी, आणि याच पंगतीत 'मत्स्यविनोद'!

या प्रकरणात सुमारे ३५ प्रकारचे मासे आले आहेत. राजा त्यांची विभागणी करतो ती मोठी समंजस आहे: समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते, लहान कोणते. समुद्रातल्या माशांत एक नाव 'सोर' असे येते. तमिळमध्ये शार्कला आजही 'सुरा' म्हणतात, हे लक्षात घेतले की कळते, राजाने नावे कोशातून उचललेली नाहीत, किनाऱ्यावरच्या माणसांच्या तोंडून घेतली आहेत. आणि किनारा त्याला परका नव्हता. गोव्याचा कदंब राजा जयकेशी हा सोमेश्वराच्या बहिणीचा नवरा. मेहुण्याच्या मुलखातून कल्याणीला काय काय येत असेल याची कल्पना कादंबरीकाराने करावी. मी ती इथे करीत नाही.

गळ, दोर, काठी, आमिष हे सर्व या प्रकरणात आहे. मला खिळवून ठेवले ते माशांच्या चाऱ्याने. कोणत्या माशाला काय आवडते ते राजा सांगतो. कुणाला तिळाचे गोळे, कुणाला हरभऱ्याचे पीठ आणि भात कालवून केलेले गोळे. जे मांसाहारी त्यांना मांस. आधी खाऊ घालायचे, मग गळ टाकायचा. ज्या माणसाला एक मासा हवा आहे तो जाळे टाकील. ज्याला अमुक मासा अमुक रीतीने हवा आहे त्यालाच त्याच्या जिभेचे चोचले माहीत करून घ्यावे लागतात. नऊशे वर्षांपूर्वी सिंहासनावर बसलेल्या माणसाने, मासा काय खातो, याची चौकशी केली, हे मला त्याच्या बिरुदांहून मोठे वाटते. त्याच वेळी अंगावर काटाही येतो. भरवणारा हात आणि गळाचा हात एकच!

हे प्रकरण मत्स्यशास्त्राच्या नजरेने वाचले ते डॉ. सुंदरलाल होरा यांनी. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे ते संचालक होते. १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मत्स्यविनोदावर प्रदीर्घ लेख लिहिला आणि संस्कृत नावांखालचे खरे मासे ओळखण्याचा प्रयत्न केला. संस्कृत पंडितांना मासे ठाऊक नसतात आणि मत्स्यतज्ज्ञांना संस्कृत. होरांनी दोन्हीकडची खटपट केली.

आता आपल्यापैकी कोणी लगेच, "जगात पहिले आम्हीच!" अशी आरोळी ठोकू नये. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एलियनने इ.स. २००च्या सुमारास मॅसिडोनियातले लोक लोकरीची खोटी माशी करून मासे पकडतात, हे लिहून ठेवले आहे. मात्र इंग्रजांचा या विषयावरचा पहिला छापील निबंध १४९६चा आणि आयझॅक वॉल्टनचे गाजलेले पुस्तक १६५३चे. त्यांच्या कितीतरी आधी कल्याणीची पोथी तयार होती, एवढे आपण शांतपणे म्हणू शकतो.

जीव खेळासाठी दुखवावा काय, ही शंकाही आपल्याकडे जुनीच. अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरवलेल्या स्तंभलेखात ठरावीक पौर्णिमांना आणि उपवासाच्या दिवशी मासे मारणे व विकणे बंद केले होते. जहांगीर बादशहाची गोष्ट तर मौजेची आहे. १६०७ साली काबूलच्या वाटेवर हसन अब्दाल येथे त्याने स्वतः जाळे टाकून काही मासे धरले, त्यांच्या नाकात मोती घातले आणि त्यांना पाण्यात सोडून दिले! पकडून सोडण्याचा अंदमानी रिवाज बादशाही थाटात असा दिसतो. माशाला मोत्याचे काय सुख झाले असेल ते तोच जाणे.

आणि खुद्द सोमेश्वराच्याच शतकात, त्याच्याच चालुक्यांच्या मुलखात, सोन्नलिगे गावी सिद्धराम तळे खोदवीत होता. सोन्नलिगे म्हणजे आपले सोलापूर. पुढे कल्याणीत बसवेश्वरांनी दयेला धर्माच्या मुळाशी बसवले. एकाच शतकात एका मुलखाने गळाचे शास्त्र लिहिले आणि मुंगीलाही जपण्याची शिकवण दिली. यातले एक खरे महाराष्ट्र-कर्नाटक आणि दुसरे खोटे, असे मला ठरवता येत नाही.

इंग्रजी अमदानीत हेन्री सलिव्हन थॉमस नावाचा मुलकी अधिकारी दक्षिण कानड्यात होता. त्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळूरला छापले गेले. या साहेबाला गळाचे वेड. पण त्याच वेडापायी नद्यांत विष कालवून, पिले मारून मासे संपवले जात आहेत हे त्याला दिसले आणि त्याने सरकारला अहवाल लिहिले. डॉ. फ्रान्सिस डे यांनीही तोच धोशा लावला. अखेर १८९७ साली भारतीय मत्स्योद्योग कायदा झाला आणि सुरुंगाने व विषाने मासे मारण्याला बंदी आली. आता यात कोळ्या-भोयांच्या पोटाचा विचार किती आणि साहेबाच्या शिकारीचा किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मी स्वतः थॉमसला थोडे गुण देईन, पुरे देणार नाही.

खाऱ्या पाण्यात हा खेळ उतरला तो साधारण त्याच सुमारास. १८९८ साली कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर चार्ल्स होल्डरने काठी-दोराने १८३ पौंडांचा ट्यूना मासा काढला आणि लगोलग मंडळच स्थापन केले. झेन ग्रे हा अमेरिकेचा लोकप्रिय कादंबरीकार. दाताच्या डॉक्टरकीतून कादंबरीकडे आणि कादंबरीच्या पैशातून समुद्राकडे गेला. (आमच्या कादंबऱ्यांच्या मानधनात भीमेपर्यंतची एस.टी. होते, तो भाग वेगळा.) १९३९ साली आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, दोराची जाडी आणि विक्रमांचे नियम ठरले. पुढे प्रवाळांवरचे मोठे मासे कमी होऊ लागले, तसा मासा सोडून देण्याचा रिवाज वाढला. काटा उलटा फिरलेला नसेल असा गळ वापरायचा, मासा पाण्याबाहेर क्षणभरच ठेवायचा, डोके पाण्यात धरून त्याला दम घेऊ द्यायचा. तरी दमलेला मासा शार्कच्या तोंडी जातोच कधीकधी. ही दया आहे की पुढच्या खेळाची तजवीज? बहुधा दोन्ही. प्रवाळावर सुरुंग लावणाऱ्यापेक्षा हा माणूस मला परवडतो. पण माशाला विचारले तर तो काय सांगेल, ही शंका काही जात नाही.

सोमेश्वराला इतिहासकार फारसे गुण देत नाहीत. तो पुस्तकात रमला आणि होयसळ विष्णुवर्धनासारखे मांडलिक शिरजोर झाले, असे म्हणतात. ११३८ साली तो गेला, आणि वीस वर्षे होतात न होतात तोच कल्याणी कलचुरी बिज्जलाच्या हाती गेली. राजाने दोर कुठे ढिला सोडायचा हे माशांपुरतेच जाणले, असा टोमणा मारायला जागा आहे खरी. पण बापाने जिंकलेले राज्य आज कुठे शोधायचे? मुलाने लिहिलेली माशांची यादी मात्र शाबूत आहे.

सिद्धरामाच्या तळ्यावर आजही संध्याकाळी कट्ट्याशी मुले बसतात. कुणी चुरमुरे टाकते, कुणी घरून कणकेच्या गोळ्या करून आणते. पाणी ढवळते, काळ्या पाठी वर येतात. क्वचित एखादे पोर इकडेतिकडे पाहत खिशातून दोरा आणि वाकवलेली टाचणी काढते, आणि पायरीवर बसलेले आजोबा त्याला कानडीतून असा दम भरतात, की पोर दोरा टाकून पळते.