झुरळ म्हणणारा रेडिओ

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकांनी मागच्या वस्तीतल्या लोकांना 'वाळवी' म्हटलं. मी हसणारा इमोजी टाकला आणि परत कोडमधला बग शोधायला बसलो. रात्री मात्र तो इमोजी खुपायला लागला. का, ते सांगायला रवांडाला जावं लागेल.

जुलै १९९३. तिथे आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन सुरू झालं. झकास गाणी, टवाळ गप्पा, श्रोत्यांचे फोन. सरकारी रेडिओ त्यापुढे अगदीच रटाळ, त्यामुळे तरुण पोरं यालाच चिकटली. (मीही सबस्क्राइब केलं असतं, खोटं कशाला बोलू.) त्याच गप्पांत 'इन्येन्झी' हा शब्द यायचा. म्हणजे झुरळ. १९६०च्या दशकात सीमेपलीकडून हल्ले करणाऱ्या तुत्सी बंडखोरांना तसं म्हणायचे. आता तो शेजारच्या साध्या तुत्सी माणसालाही लागू झाला. खरी मेख इथेच आहे. एप्रिल १९९४मध्ये कत्तल सुरू झाली, तेव्हा हाच रेडिओ माणसांची नावं आणि लपायच्या जागा सांगत होता. साधारण १०० दिवसांत अंदाजे ८ लाख माणसं मारली गेली.

पुढचा भाग मला जास्त भारी वाटतो. २००४मध्ये त्याच देशात, रेडिओवरच, 'मुसेकेवेया' नावाची मालिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावं, सुपीक जमिनीवरून भांडण, आणि दोन्हीकडची एक प्रेमी जोडी. हुतू-तुत्सी हे शब्दच नाहीत. हळूहळू पुढारी लोकांना कसा भडकवतो, आणि बघे गप्प कसे बसतात, ते श्रोत्यांना ओळखायला शिकवायचं होतं.

एलिझाबेथ लेव्ही पॅलक या संशोधिकेने वर्षभर काही गटांना ही मालिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची दुसरी. लोकांची मतं फारशी बदलली नाहीत. पण शेवटी गटांना टेपरेकॉर्डर आणि कॅसेट भेट दिल्या, तेव्हा गंमत झाली. आरोग्यवाल्या गटांनी त्या बहुतेक वेळा मुकाट पुढाऱ्याच्या ताब्यात दिल्या. मुसेकेवेयावाले मात्र आपसात वाद घालत बसले, आणि सगळ्यांनी मिळून सांभाळायचं ठरवलं. वाद घालता येणं, एवढाच फरक!

तर काल मी ग्रुपवर लिहिलं, "काका, वाळवी नका म्हणू ना. मी हसलो, ते माझंही चुकलंच." बराच वेळ नुसत्या निळ्या टिका. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा वेगळा मेसेज आला: "बरं केलंस रे, मला कधीचं बोलायचं होतं."

मी म्हटलं, "काकू, ग्रुपवर लिहा की."

अजून टायपिंग चालू आहे.