लावणी नका गाऊ!

2019 सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या सिपकॉट आयटी पार्कातल्या आमच्या कॅन्टीनमध्ये दोघांची जुंपली होती. एक सांगलीचा, दुसरा कोइम्बतूरचा. विषय होता रॅपर डिव्हाइनचा ताजा अल्बम, 'कोहिनूर'. सांगलीकराचं म्हणणं, गडी संपला. अंधेरीच्या जे. बी. नगरातून आलेला, 'मेरे गली में' वाला डिव्हाइन राहिला नाही. 'गली बॉय' सिनेमानं नाव सगळीकडे झालं, मोठी कंपनी पाठीशी आली, आता सगळं कसं गुळगुळीत वाजतंय. "गल्लाभरू झाला," असा निकाल त्यानं दिला. कोइम्बतूरकराला हिंदी निम्मीच कळते, पण ठेका पुरता कळतो. त्याला हे पटेना. आवाज तोच, राग तोच, फक्त स्टुडिओ बरा मिळाला. त्यानं काय जन्मभर गल्लीतच राहायचा करार केला होता?

पाच मिनिटांत गाडी हिपहॉप तमिळा या जोडीवर आली आणि दोघांनी आपापल्या जागा बदलल्या. या जोडीतला आदी कोइम्बतूरचा. 2012 साली त्यांचा 'हिप हॉप तमिळन' हा अल्बम आला, 2015 मध्ये 'आंबळ'पासून ते सिनेमाला संगीत देऊ लागले, 2017 मध्ये आदीनं स्वतःच दिग्दर्शक आणि नायक होऊन 'मीसय मुरुक्कु' काढला. आता कोइम्बतूरकर दुखावलेला आणि सांगलीकर उदार. "सिनेमात गेला तर बिघडलं कुठं?" घरचा माणूस बाजारात बसला की लागतं, शेजारच्याचा बसला तर आपण त्याच्या धंद्याला शुभेच्छा देतो.

टेबलाच्या टोकाला टेस्टिंगमधल्या एक बाई तयिर सादम, म्हणजे दहीभात, खात होत्या. कुंभकोणमच्या. वयानं आणि नोकरीनं आमच्यापेक्षा मोठ्या, म्हणून सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, "पोदुम्पा, लावणि पाडादींग!"

पुरे झालं रे, लावणी गाऊ नका.

मी घास तसाच धरून बसलो. लावणी? ढोलकी नाही, नऊवारी नाही, घुंगरू नाहीत. दोन इंजिनिअर सांबारभाताच्या ताटांवरून एकमेकांना टोचून बोलताहेत, आणि या बाई त्याला लावणी म्हणतात! अक्कांना विचारलं तर त्यांना माझ्याच प्रश्नाचं नवल वाटलं. लावणी म्हणजे लावणी. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं खोडायचं, पुन्हा पहिल्यानं, आणि हे संपतच नाही. तमिळ पेपरांत पुढाऱ्यांच्या चकमकीला सर्रास 'लावणि कच्चेरि' म्हणतात. यात आणखी एक गंमत दडलेली आहे: आपल्याकडे कचेरीत दाखले मिळतात, तमिळमध्ये कच्चेरीत गाणं ऐकायला मिळतं. हा शब्द मराठी आहे हे अक्कांना ठाऊक नव्हतं. मला तो तमिळमध्ये नांदतोय हे ठाऊक नव्हतं. फिट्टंफाट झाली.

त्यानंतर या शब्दाच्या कुळाचा मी जमेल तसा माग काढला.

सतराव्या शतकाच्या शेवटच्या चतकोरात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांनी तंजावर घेतलं आणि तिथं भोसल्यांचं राज्य सुरू झालं. ते 1855 पर्यंत चाललं, म्हणजे पेशवाई बुडाल्यावरही सदतीस वर्षं. राजांबरोबर फौज आली, कारकून आले, मोडी आली, कीर्तनकार आले, गाणारे आले. एकोजींचे पुत्र शहाजीराजे मराठीत नाटकं लिहीत होते, ती सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' करण्याच्या दीडेकशे वर्षं आधी. सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसल्यांची सगळी वंशकथा बृहदीश्वराच्या देवळात दगडावर मराठीत कोरून ठेवली. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचे गठ्ठे आजही आहेत. पण दगड आणि कागद जागेवरच राहतात, गाणं मात्र वाड्याबाहेर पडतं. लावणी तशी बाहेर पडली आणि कावेरीच्या खोऱ्यातल्या गावांत उतरली.

हे खोरं म्हणजे तमिळ मुलखाचं भाताचं कोठार. लावणी हा शब्द 'लावण्य'वरून आला असं काही जण म्हणतात, तर काही जण तो भाताच्या लावणीशी जोडतात. व्युत्पत्तीच्या वादात मी पडत नाही, पण तंजावरकडे बघताना मला दुसरं मत आवडतं. रोप एका वाफ्यातून उपटायचं आणि दुसऱ्या खाचरात खोचायचं. जगलं तर तिथलंच होतं.

ते तिथलं झालं कामन पंडिगैमुळे. मासी महिन्यात, म्हणजे आपल्या होळीच्या सुमाराला, तंजावरकडच्या गावांत कामदहनाचा सण होतो. शंकरानं तिसरा डोळा उघडून मदनाला जाळलं, ही त्यामागची कथा. सणाच्या रात्री गावात दोन पक्ष समोरासमोर बसतात. एकाचं नाव एरिंद कट्चि, म्हणजे 'जळाला' पक्ष. दुसऱ्याचं एरियाद कट्चि, म्हणजे 'जळाला नाही' पक्ष. हातात डफ, जोडीला तुणतुण्याच्या जातीचं वाद्य. एक पक्ष गाण्यातून पुराणातला दाखला देतो की मदन जळून राख झाला. दुसरा गाण्यातूनच उलट सवाल टाकतो: राख झाला, तर जगात अजून माणसं प्रेमात कशी पडतात? यालाच तिथं लावणी म्हणतात. 'एरिंद कट्चि, एरियाद कट्चि' हा तर तमिळमधला वाक्प्रचारच होऊन बसला आहे, निकाल न लागणाऱ्या वादासाठी. निवडणुकीतल्या पक्षालाही तमिळमध्ये कट्चिच म्हणतात, त्यामुळे या वाक्प्रचाराला काम कमी पडत नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे 'कलगीतुरा रंगला' असं म्हणतात ते अगदी ह्याच अर्थानं. कलगीवाले शक्तीला मोठी मानणारे, तुरेवाले शिवाला. फडात एकानं कूट घालायचं, दुसऱ्यानं ते सोडवून उलट सवाल टाकायचा. या लावणीला भेदिक लावणी म्हणत. शृंगार ही लावणीची एक शाखा झाली. भेदिक ही दुसरी, आणि ती पुरुषांची, डफावरची, रात्रभर चालणारी. पुढं मुंबईची थिएटरं आली, मग सिनेमा आला आणि शृंगाराची शाखा एवढी फोफावली की 'लावणी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दुसरं काही येतच नाही. तंजावरात नेमकं उलटं झालं. आपण शृंगार ठेवला, त्यांनी भांडण ठेवलं.

भांडण आपल्याकडेही अगदी मेलं नाही. रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात, मुंबईतल्या चाकरमान्यांसाठी ते नाट्यगृहातही लागतात. सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी आहेच. तिथं बुवांनी सिनेमाच्या चाली घेतल्या की निम्मा मंडप डोलतो आणि निम्मा नाक मुरडतो, म्हणजे आमच्या कॅन्टीनसारखंच.

तंजावरात आणखीही एक मराठी रोप लागलं होतं, आणि त्याचं नशीब निराळं निघालं. राज्य गेल्यावर, 1860 नंतरच्या वर्षांत, रामचंद्रबुवा मोरगावकर तिथं कीर्तनं करत होते. ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवी घडण दिली. हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं ऐकू येतात. कीर्तन मद्रासच्या सभांमध्ये, खुर्च्यांसमोर, तिकिटावर जाऊन बसलं. लावणी सभेत गेली नाही. ती गावच्या रस्त्यावर, मासी महिन्यात, धुळीतच राहिली. मग कीर्तन विकलं गेलं आणि लावणी अस्सल राहिली, असं म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. राजा होता तोवर दोन्हींना पोसणारा होता. राजा गेल्यावर कुणी तरी पोसायला लागतंच. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन 1851 मध्ये वारले, तेव्हा भाव्यांनाही नाटक घेऊन मुंबई गाठावी लागली आणि तिकीट लावावं लागलं. मराठी रंगभूमीचा गल्ला तिथून सुरू होतो. आमच्या सांगलीकराला हे ऐकवलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. नाट्यपंढरीचा अभिमान सोडवत नव्हता आणि गल्ल्याचा राग गिळवत नव्हता.

रॅपचं कूळ निराळं, पण त्याची एक रात्र मला फार ओळखीची वाटते. डिसेंबर 1981, न्यूयॉर्कमधला हार्लेम वर्ल्ड हा क्लब. बिझी बी हा लोकांना हसवणारा, हात वर करायला लावणारा, टाळ्या कमावणारा गडी. त्याच्यासमोर कूल मो डी उभा राहिला आणि त्यानं माईकवरून त्याची सालटी काढली: तू फक्त गर्दीला खूश करतोस, शब्दात दम कुठं आहे? रॅपच्या इतिहासात ही रात्र वळणाची मानतात. सवाल-जवाब आले, फड आला, निवाडा करायला समोर बसलेले लोक आले. आणि भांडणाचा विषयही तोच, गर्दी मोठी की शब्द मोठा.

पुढं हा सामना मंचावरून ऐकणाऱ्यांत उतरला. 1994 साली रॅपर नासचा 'इलमॅटिक' आला. जाणकारांनी डोक्यावर घेतला, पण तो खपला हळूहळू. 1996 च्या जुलैत 'इट वॉज रिटन' आला, ट्रॅकमास्टर्स या जोडीच्या चकचकीत संगीतानं, आणि थेट बिलबोर्डच्या पहिल्या जागेवर जाऊन बसला. एक गाणं तर युरिदमिक्सच्या गाजलेल्या पॉप गाण्याच्या सुरावर बेतलेलं. ऐकणारे दुभंगले. क्वीन्सब्रिजच्या वस्तीतला कवी रेडिओला विकला गेला, हा एक पक्ष. गोष्ट सांगण्याची ताकद तीच आहे, कान उघडे ठेवा, हा दुसरा. आज या अल्बमला नासच्या चांगल्या कामांत मोजणारे पुष्कळ भेटतात. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये नासचा हात असलेल्या मास अपील कंपनीनं भारतात दुकान मांडलं, तेव्हा पहिला करार केला तो डिव्हाइनशी. 'कोहिनूर' आला तो त्याच छापाखाली. ज्याच्यावर विकलं गेल्याचा आळ आला होता, त्याच्याच दुकानात आता दुसऱ्यावर तो आळ येत होता.

'जळाला' आणि 'जळाला नाही' या दोन्ही पक्षांकडे पुराणातले भक्कम दाखले आहेत, ही या लावणीतली खरी मेख. मदन जळला हे खरंच. पण रतीनं विनवण्या केल्या, तेव्हा शंकरानं त्याला पुन्हा जीव दिला. शरीर मात्र दिलं नाही, म्हणून तो अनंग. आणि त्या सणाच्या कथेत तर तो फक्त रतीलाच दिसतो. आता सांगा, जळला की नाही? मला वाटतं, जुने ऐकणारे दोन जातींचे असतात. एकांना राख दिसते. दुसरे रतीसारखे: बाकीच्यांना ज्यात फक्त नवा चकचकीत ठेका ऐकू येतो, त्यात त्यांना कुठं तरी एका ओळीत, एका उच्चारात जुना माणूस दिसतो. हे मी कॅन्टीनमध्ये बोलून दाखवलं तेव्हा कोइम्बतूरकर म्हणाला, "सर, नीट जमवून आणलंत, पण आदीच्या बाबतीत मी राखवालाच." मग अक्का हसल्या.

मला अक्कांच्या आठवणीतल्या सणातली एक गोष्ट फार आवडली. त्यांच्या लहानपणी गावात 'जळाला'वाले आणि 'जळाला नाही'वाले गायक बाहेरून बोलवत, आणि ते एकाच बसमधून यायचे, एकाच घरी जेवायचे. रात्रभर एकमेकांची पुराणं फाडायची आणि पहाटे बिदागी घेऊन परतीची बस धरायची. कुणी एकटा आला तर लावणी उभीच राहत नाही. पक्ष ही गाण्याची गरज होती, रागाची नव्हे. लहानपणी अक्कांना वाटायचं, की ते खरोखरच भांडतात. एकदा पहाटे त्या दोघांना एकाच पेल्यातली कॉफी वाटून पिताना बघून त्यांना रडू आलं होतं. फसवल्यासारखं वाटलं म्हणून.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीत ओएमआर या सिरुसेरीच्या रस्त्यावरच्या कंपन्यांच्या बसगाड्या थांबल्या. सांगलीकर सांगलीला गेला, कोइम्बतूरकर कोइम्बतूरला. त्या डिसेंबरात डिव्हाइनचा 'पुण्य पाप' आला, पण व्हिडिओ कॉलवर कुणाचं भांडण रंगत नाही. एकाचा आवाज आला की दुसऱ्याचा कापला जातो, आणि सवालावर जवाब वेळेत पडला नाही तर लावणी कसली! परत सगळे सिरुसेरीत जमलो तोवर 2022 उजाडलं होतं. नोव्हेंबरात 'गुनेहगार' आला. कॅन्टीनमध्ये सांगलीकरानं कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवला आणि मान हलवली.

"नाही बाबा. 'कोहिनूर'पर्यंत अस्सल होता."

कोइम्बतूरकरानं चमचा खाली ठेवला. अक्कांनी डबा उघडला, आमच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची थोडी जवळ ओढून घेतली.