स्प्रिंगचे वेढे आणि न दिसणाऱ्या रेषा

स्प्रिंगच्या इतिहासावर व्याख्यान ऐकण्याची पाळी आपल्यावर येईल असे आपणांस वाटले नसेल. पण खिशातले बॉलपेन, दाराचे कुलूप, मोटारीचे इंजिन, काहीही उघडून पाहा; आत तारेचे वेढे बहुधा सापडतातच. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात पुष्कळ झाले. तेव्हा ही वस्तू कोण करतो आणि ती कशी असावी हे कोण ठरवतो, या बाजूनेच मी तिच्याकडे पाहणार.

स्प्रिंगच्या शास्त्राची सुरुवात लपवालपवीने झाली. लंडनच्या रॉबर्ट हुकने १६७६ साली एका पुस्तकाच्या शेवटी चौदा अक्षरे नुसती वर्णानुक्रमाने छापली. शोध आपलाच हे पुढे सिद्ध करता यावे, पण आज तो दुसऱ्याला कळू नये, अशी ती युक्ती. १६७८ साली त्याने अक्षरे जुळवून लॅटिन वाक्य दाखवले. अर्थ इतकाच की, स्प्रिंग जितकी ताणावी तितक्याच प्रमाणात तिचे बळ वाढते. घड्याळातल्या बारीक कमानीच्या मानासाठी हॉलंडच्या हायगेन्सशी त्याचे कडाक्याचे भांडण झालेले होते. म्हणून ही सावधगिरी. विद्वानांचीही मालमत्ता असते आणि तीही कुलपात राहते, एवढे आपण येथे टिपून ठेवू.

स्प्रिंगचे बळ मोजता आले, तरी तिचे चित्र काढणे हे काम निराळेच होते. वेढा एकाच वेळी गोल फिरतो आणि वरही चढतो; सपाट कागदावर तो धरायचा कसा? याचे उत्तर ज्या विद्येने दिले, ती एका फेरीवाल्या व्यापाऱ्याच्या मुलाने उभी केली. गास्पार मोंज, जन्म १७४६, फ्रान्समधील बोन गावचा. मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत अधिकारी म्हणून शिकण्यास कुलीन घराणे लागे. मोंजला तेथे ड्राफ्ट्समनची जागा मिळाली. तोफांच्या माऱ्यापासून किल्ला झाकण्यासाठी तटाची उंची किती हवी, हा हिशेब फार किचकट असे. मोंजने तो रेषांनी इतक्या लवकर सोडवला की, एवढ्या वेळात उत्तर निघूच शकत नाही, असे म्हणून अधिकाऱ्याने ते तपासायचेच नाकारले. पुढे पटले, तेव्हा ती रीत लष्करी गुपित ठरली.

रीत अशी : वस्तू दोन काल्पनिक पातळ्यांच्या मध्ये धरायची, एक आडवी, एक उभी. वस्तूची छाया दोहोंवर पाडायची आणि मग उभी पातळी दुमडून आडवीशी सपाट करायची. या पातळ्या वस्तूत नसतात. पण त्यांच्यावाचून वस्तूतील एकही बिंदू कोठे आहे हे सांगता येत नाही. राज्यक्रांतीनंतर १७९५ साली पॅरिसच्या एकोल नोर्मालमध्ये मोंजने हे उघड शिकवले. लघुलेखकांनी ते उतरून घेतले आणि १७९९ मध्ये त्याचे पुस्तक झाले. किल्ल्यातून शाळेत यायला विद्येला सुमारे तीस वर्षे आणि एक क्रांती लागली.

तरीही ड्रॉइंग ऑफिसात स्प्रिंगची खरी वळणे सहसा कोणी काढली नाहीत. बाजूने पाहिले तर वेढ्याची रेषा लाटेसारखी दिसते. प्रत्येक वेढ्याला इतके बिंदू जुळवत बसायला वेळ कोणाला? म्हणून सरळ तिरक्या रेषा, मधले वेढे गाळलेले, आणि शेजारी तक्ता : तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे किती, डावे की उजवे, मोकळी लांबी किती. उरलेले कारागिराने जाणावे. गुंडाळलेली तार सोडली की थोडी उलगडते; म्हणून मँड्रेल आतल्या व्यासाहून बारीक घ्यायचा. किती बारीक, हे तारेच्या जातीवर, आणि पुष्कळदा त्या दिवशीच्या बंडलावर. तक्त्यात याला रकाना नव्हता.

१९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंडने स्केचपॅड हा प्रोग्रॅम दाखवला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढायची आणि या दोन समांतर राहोत असे बजावायचे. यंत्र ते पाळी. १९८५ साली, सोव्हिएत रशिया सोडून आलेल्या सॅम्युएल गाइसबर्गने कंपनी काढली, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिच्या प्रो-इंजिनिअरने माप बदलताच आकार बदलणारे मॉडेल बाजारात आणले. १९९५ च्या सॉलिडवर्क्सने तेच काम टेबलावरच्या साध्या संगणकावर आणले.

त्यात स्प्रिंग अशी होते. पडदा उघडताच तीन पातळ्या आणि एक मूळबिंदू आधीच मांडलेले असतात. मोंजच्या दोनांची ही तिसरी बहीण. एका पातळीवर वर्तुळ काढायचे, त्यावरून वेढ्याची वाट चढवायची : पिच इतका, फेरे इतके. मग त्या वाटेच्या टोकाशी, वाटेला काटकोनात, आणखी एक पातळी उभी करायची, तिच्यावर तारेचे छोटे वर्तुळ काढायचे आणि ते वाटेवरून ओढीत न्यायचे. तार तयार. पिच तारेच्या जाडीहून कमी दिला तर वेढे एकमेकांत घुसतात. वाट, अक्ष, पातळी यांपैकी काहीही स्प्रिंगमध्ये नाही. पण एक पुसा, सारी स्प्रिंग मोडते.

आता, तारेच्या जाडीत जरा फरक पडला तर काय बिघडते, असे कोणी म्हणेल. स्प्रिंगचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. सरासरी व्यास आणि वेढे तेच ठेवून २ मिलिमीटरऐवजी २.१ घ्या, कडकपणा सुमारे साडेएकवीस टक्के वाढला.

एका कारखान्यात (नाव घेत नाही) स्प्रिंगा बसवल्यावर दाब कमी पडू लागला. स्प्रिंग गुंडाळणाऱ्या कामगाराला मेमो मिळाला. तार ४ मिलिमीटर, तक्त्यात मोकळी लांबी ६०, टोके ग्राइंड करायची नव्हती. त्याची प्रत्येक स्प्रिंग मोजून ६० भरत होती. चौकशीत मी एकच प्रश्न विचारला : हे ६० कोठपासून कोठपर्यंत? डिझाइन विभागातला तरुण प्रामाणिक होता. त्याने मॉडेल उघडले. वेढ्याच्या वाटेची उंची ६०. पण ती वाट तारेच्या मध्यातून जाते. वर अर्धी तार, खाली अर्धी तार, म्हणजे मॉडेलमधली स्प्रिंग ६४ होती. जेथे ती बसायची तो खळगा ६४ च्या हिशेबाने झाला होता, आणि तक्त्यात वाटेचा आकडा हाताने उतरला होता.

मेमो मागे घेतला गेला, तोंडी. तक्त्यात ‘टोकांसह एकूण लांबी’ असे शब्द आले. कामगारांना मॉडेल पाहता यावे म्हणून शॉपमध्ये एक संगणक हवा, ही मागणी आम्ही पुढच्या करारात घातली आणि ती मान्यही झाली. संगणक सुपरवायझरच्या केबिनमध्ये ठेवण्यात आला. रात्रपाळीला केबिनला कुलूप असते.