डांगची ‘मोगलाई’

मराठीत ‘मोगलाई माजली’ म्हटले की अंदाधुंदी डोळ्यांसमोर येते. सह्याद्रीच्या उत्तर टोकाला, आजच्या गुजरातेतील डांगच्या अरण्यात मात्र हा शब्द स्वातंत्र्याच्या काळासाठी वापरला जातो. इतिहासकार अजय स्कारिया यांनी तेथील भिल्ल व कोकणा आदिवासींच्या ‘गोठी’, म्हणजे मौखिक कथने, संकलित केली; त्यांत मोगलाई म्हणजे मनास येईल तेथे शिकार करावी, मोह वेचावा, जंगलाचा तुकडा जाळून नागली पेरावी आणि माती दमली की पुढे सरकावे, असे दिवस.

ते दिवस सागवानाने संपवले. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी लाकूड हवे होते आणि मलबारचा साग विरळ होत चालला होता. १८४२ मध्ये इंग्रजांनी भिल्ल राजांकडून डांगची जंगले भाडेपट्ट्याने घेतली.

कागद एकच; अर्थ मात्र दोन. हे राजे गायकवाडांच्या मुलखातील गावांकडून ‘गिरास’ हा हक्क वसूल करीत आले होते. पट्ट्याचे पैसे त्यांना त्याच जातीचे, आपल्या सत्तेची कबुली देणारे वाटले. इंग्रजांच्या लेखी मात्र अरण्य हातात आले होते. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि फिरती शेती हा अपराध ठरू लागला. याला ‘वनव्यवस्थापनाचा आरंभ’ म्हणण्याची रीत आहे. मला तो शब्दप्रयोग फारच निरागस वाटतो.

होळीपूर्वी आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात पाच राजांच्या वारसांना सरकार आजही सालियाना देते.